‘परत फिरा’ म्हणणाऱ्याची मजुरी

प्रति,
माननीय पर्यटनमंत्री,
संस्कृती, पर्यटन व नागरी उड्डयन मंत्रालय,
नेपाळ सरकार, काठमांडू



काठमांडूत मंत्री लवकर बदलतात. हे पत्र पोचेल तेव्हा खुर्चीवर कोण असेल ते सांगता येत नाही, म्हणून व्यक्तीला न लिहिता खुर्चीलाच लिहिते आहे. मराठीत लिहिण्याचे कारण असे, की आपल्याकडून सगरमाथ्याचे परवाने घेणाऱ्यांत महाराष्ट्रातली माणसेही असतात, आणि मला जे म्हणायचे आहे ते त्यांच्याही कानावर जायला हवे. लिपी एकच असल्यामुळे आपल्या कार्यालयात कुणालाही यातले अर्धे लागेलच. उरलेले अर्धे समजावून द्यायला थामेलच्या गल्ल्यांत एखादा मराठी ट्रेकर शोधला की सापडतो.

मी पुण्याची. नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली, रजा गढवालात. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स असे दोन्ही कोर्स केले, पुढे हौस वाढत गेली. आता निवृत्तीनंतर गाठीला थोडा पैसा आणि अंगात थोडा दम आहे तोवर सगरमाथ्याच्या, म्हणजे आम्ही ज्याला एव्हरेस्ट म्हणतो त्याच्या, गाइडेड मोहिमेत नाव घालायचे ठरवले आहे. काठमांडूच्या एका कंपनीने पाठवलेला करार समोर आहे. कर्ज विभागात माणसाला एक सवय लागते: करार शेवटच्या पानाकडून वाचायचा. पहिल्या पानावर काय मिळणार ते असते, शेवटच्या पानावर कोणी काय भोगायचे ते.

आकडा चाळीस लाख रुपयांच्या जरा वर आहे. त्यात आपले १५,००० डॉलर आले. वसंतात दक्षिणेकडच्या नेहमीच्या वाटेने चढायचा परवाना सप्टेंबर २०२५ पासून या दराने मिळतो, त्याआधी ११,००० होते. खुंबू आइसफॉलमध्ये शिड्या आणि दोर लावणाऱ्या ‘आइसफॉल डॉक्टर’ मंडळींचा वाटा आला. बेस कॅम्पवरचा तंबू, आचारी, डाळभात, वरच्या कॅम्पांवरचे गॅसचे डबे, प्राणवायूचे सिलिंडर आले, आणि माझ्याबरोबर वर चढणारा एक शेर्पा आला. जे येत नाही त्याची यादीही लांब आहे: विमा, हेलिकॉप्टर, काठमांडूतले जेवण, टिप. त्या यादीच्या तळाशी एक ओळ आहे. सदस्य शिखरावर पोचल्यास त्याने आपल्या शेर्पाला किमान १,५०० डॉलर ‘समिट बोनस’ द्यावा.

माझी कंपनी काही जगावेगळी नाही. मी इतर कंपन्यांचीही दरपत्रके मागवून पाहिली. कोणी बोनस एकूण रकमेत धरतो, कोणी वेगळा मागतो, कोणाकडे माथ्याच्या अलीकडच्या बाल्कनी या टप्प्यापर्यंत गेले तरी तो देतात, कोणाकडे माथा गाठला तरच. पण ओळ सगळीकडे आहे, आणि हे पत्र त्या ओळीबद्दल आहे.

रक्कम जास्त आहे अशी माझी तक्रार मुळीच नाही. आपल्याला हे सांगायची गरज नाही, पण माझ्या वाचकांना सांगते. वर चढणाऱ्या शेर्पाचे उत्पन्न अनेक तुकड्यांचे असते. मोसमाचा पगार, कपडे आणि सामानाचा भत्ता, कुठल्या कॅम्पपर्यंत किती ओझे नेले त्याचे वेगळे पैसे, आणि शेवटी हा बोनस. सगळे दोन महिन्यांत मिळवायचे, त्यावर सोलुखुंबूतले किंवा संखुवासभेतले घर वर्षभर चालायचे आणि मुलांची काठमांडूतल्या शाळेची फी जायची. या कामात आता शेर्पांबरोबर तामांग, राई, मगर घरांतली पोरेही आहेत. त्यांना १,५०० च्या जागी ३,००० मिळाले तरी मला आनंदच होईल. माझा आक्षेप आहे तो ‘पोचल्यास’ या अटीला.

मी कर्जाचे अर्ज तपासायची. समजा बँकेने मला सांगितले असते, की कर्ज मंजूर केलेस तर कमिशन मिळेल आणि नामंजूर केलेस तर काहीच नाही. मी प्रामाणिक राहिले असते असे मला वाटते, पण माझ्या भरवशावर बँकेने तो नियम केला असता तर मी त्या बँकेत माझी ठेव ठेवली नसती. आपल्या डोंगरावर मात्र नेमका हाच नियम चालतो. कर्ज बुडाले तर वसुली तरी करता येते.

आता हे प्रत्यक्षात कुठे घडते ते पाहू. साउथ कोल म्हणजे चौथा कॅम्प, आठ हजार मीटरच्या जरा खाली. तिथून रात्री निघायचे. चार-पाच तासांनी, ८,४०० मीटरच्या आसपास, एक छोटीशी सपाटी लागते, तीच बाल्कनी. सिलिंडर तिथे बदलतात. पुढे साउथ समिट, मग हिलरी स्टेपची अरुंद धार, मग ८,८४८.८६ मीटर. बाल्कनीवर थांबून माणसाकडे नीट पाहिले तर पुढचा हिशेब बराचसा कळतो. तो ठरलेल्या वेळेच्या किती मागे आहे, कॅराबिनर लावायला किती वेळ घेतो, हातमोजा का काढतोय, विचारलेल्याला उत्तर देतो की नुसता मान हलवतो. हे पाहणारा तिथे एकच असतो. त्याने ‘परत’ म्हटले तर त्याचा बोनस जातो, सदस्याचे चाळीस लाख जातात, कंपनीच्या जाहिरातीतला यशाचा टक्का खाली येतो, आणि पुढच्या मोसमात ‘याचे लोक माथ्यावर पोचत नाहीत’ अशी कुजबुज होते. ‘चला’ म्हटले तर यातले काहीच होत नाही. बहुतेक वेळा माणूस वरही जातो आणि खालीही येतो, म्हणूनच ही पद्धत इतकी वर्षे टिकली आहे.

कराराच्या दुसऱ्या पानावर ‘मोहीमनेत्याचा निर्णय अंतिम राहील’ असे वाक्य आहे, ते मी वाचले आहे. मोहीमनेता कुठे असेल तेही विचारून घेतले: बेस कॅम्पवर, वॉकीटॉकीपाशी, माझ्यापासून तीन हजार मीटर खाली. बाल्कनीवर माझ्या शेजारी जो असेल त्याला करारात ‘क्लाइंबिंग सपोर्ट’ म्हटले आहे. त्याच्या मताविषयी करारात एक शब्द नाही.

निर्णय सदस्यावर सोडायला काय हरकत आहे, सज्ञान माणूस आहे, पैसे त्याचे, जीव त्याचा, असे म्हणणारे मला भेटले आहेत. त्यांतले बरेच कधी सहा हजार मीटरच्या वर गेलेले नाहीत. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण एकतृतीयांश असतो. प्राणवायू पुरेसा न मिळालेला मेंदू सुजू लागला, की चालीत आणि विचारात फरक पडतो, आणि फरक पडला आहे हे ओळखण्याची शक्तीही त्याच मेंदूतून गेलेली असते. आजारी माणूसच आपल्याला काही झालेले नाही असे सर्वांत ठामपणे सांगतो.

हे मी गढवालात डोळ्यांनी पाहिले आहे. सतोपंथच्या मोहिमेत आमच्यात एक डॉक्टर होते, चांगले अनुभवी. वासुकीतालच्या वरच्या कॅम्पवर सकाळी ते तंबूतून बाहेर आले आणि आमच्या गाइडने, उत्तरकाशीकडच्या एका अबोल माणसाने, त्यांना बर्फावर एक रेघ मारून दिली. यावरून चाला, एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावत. डॉक्टरांनाच ही चाचणी शिकवायची म्हणजे कमाल होती, ते हसले, चालू लागले आणि चौथ्या पावलाला कलंडले. गाइड म्हणाला, ‘नीचे.’ डॉक्टरांनी वाद घातला, पैशांचा विषय काढला, आपल्या पदवीचा काढला. गाइडने त्यांची सॅक उचलून स्वतःच्या पाठीवर टाकली आणि उताराला लागला. त्याला दिवसाची मजुरी होती. माथ्याचे बक्षीस नव्हते. डॉक्टर खाली येऊन दोन दिवसांत ठणठणीत झाले, आणि अजूनही पार्टीत तो विषय निघाला की त्या गाइडला शिव्या घालतात.

आपल्याकडे असे ‘परत’ म्हणणारे शेर्पा नाहीत का? आहेत, आणि फार मोठ्या मनाचे आहेत. १८ मे २०२३ ला गेल्जे शेर्पा एका चिनी सदस्याला घेऊन माथ्याकडे निघाले होते. बाल्कनीच्या परिसरात त्यांना मलेशियाचा एक गिर्यारोहक दोराला धरून थंडीने गारठलेला, एकटा दिसला. गेल्जे यांनी आपल्या सदस्याला परत फिरायला राजी केले आणि त्या अनोळखी माणसाला पाठीवर बांधून साउथ कोलपर्यंत उतरवले. सुमारे सहा तास लागले. पुढे दुसऱ्यांच्या मदतीने त्याला आणखी खाली आणले आणि तो वाचला. जगभर कौतुक झाले, योग्यच झाले. मला मात्र त्या हकिगतीत एक शब्द टोचत राहतो: ‘राजी केले’. सदस्याने ऐकले म्हणून. नसते ऐकले तर गेल्जे यांच्या हातात काय होते? आपल्या नियमांत तर काहीच नाही.

त्या वसंतात आपण ४७८ परवाने दिले होते. तोवरचा उच्चांक. डझनाहून जास्त माणसे परत आली नाहीत.

त्याआधी २०१६ साली पश्चिम बंगालच्या चौघांचा चमू आला होता. तुटपुंज्या पैशांत, वर्षानुवर्षे साठवून, उसने घेऊन आलेली साधी माणसे. उशीर होत गेला, सिलिंडर संपत गेले, माघारी वळणे लांबत गेले. तिघे मेले, एक बाई वाचली, तीही एका ब्रिटिश गिर्यारोहकाने स्वतःचा माथा सोडून तिला खाली आणले म्हणून. २०१९ साली तर भारतीयांचे परवाने सगळ्या देशांत जास्त होते. हिलरी स्टेपच्या खाली लागलेल्या त्या रांगेचा फोटो निर्मल पुर्जा यांनी त्याच मोसमात, २२ मे रोजी काढला आणि तो जगभर गाजला. त्या मोसमात मेलेल्यांत पुण्याचा एक तरुण होता आणि ठाण्याच्या एक बाई होत्या. दोघेही माथा गाठून उतरताना गेले. आमच्याकडे वर्तमानपत्रांत ‘ट्रॅफिक जॅम’ असे मथळे आले. गर्दी होतीच, पण गर्दीत उभे राहायचे की मागे वळायचे हे कोणीतरी ठरवावे लागते, त्याबद्दल कोणी लिहिले नाही.

आपल्या सरकारने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. २०२५ च्या नियमांनी फी वाढवली, परवान्याची मुदत ७५ दिवसांवरून ५५ वर आणली, आठ हजारी शिखरांवर एकट्याने जायला बंदी केली आणि दोन सदस्यांमागे एक गाइड सक्तीचा केला. सगरमाथ्यासाठी आधी नेपाळमधले सात हजार मीटरचे एखादे शिखर चढलेले असावे, अशी अट घालणारे विधेयकही आणले. फीबद्दल मला फारसे बोलायचे नाही. चाळीस लाख भरणारा आणखी साडेतीन लाखांनी थांबत नाही, फार तर कंपनी कुठेतरी काटकसर करते, आणि ती काटकसर कुणाच्या पगारात किंवा सिलिंडरात होते हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत असेल. सात हजारांच्या अटीतला ‘नेपाळमधले’ हा शब्द मात्र मला कळला नाही. सतोपंथ ७,०७५ मीटर, नून ७,१३५, कामेत ७,७५६. बर्फ तोच, हिमालय तोच, दोर लावायचे कष्टही तेच. हिमाचल-उत्तराखंड-लडाखच्या डोंगरांत घासलेला माणूस आपल्याला अननुभवी वाटतो आणि आपल्याच हद्दीतल्या एखाद्या सोप्या सात हजारीवर जुमार सरकवत गेलेला माणूस लायक ठरतो, तर ही अट सुरक्षेची की महसुलाची, असा प्रश्न पडतो. असो. तो वाद दिल्लीच्या इंडियन माउंटेनीअरिंग फाउंडेशनने आपल्याशी घालावा, माझी बाजू त्याहून लहान आहे.

दोनामागे एक गाइड हा नियम मात्र मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो अर्धाच आहे. माणूस सक्तीचा केलात, त्याचे म्हणणे ऐच्छिक ठेवलेत.

त्या माणसाचे मोल आपल्या कागदांवर काय आहे तेही मी मांडून पाहिले. उंचावर काम करणाऱ्याच्या जिवाचा विमा त्याच नियमांत १५ लाख नेपाळी रुपयांवरून २० लाखांवर नेला. चांगले झाले. पण १५,००० डॉलरचे नेपाळी रुपये करून बघा. साधारण तेवढेच होतात. म्हणजे मी वर जाण्यासाठी आपल्या तिजोरीत जे भरते, जवळजवळ तेवढेच माझ्यामुळे मेलेल्या माणसाच्या घरी जाणार. आणि हे वाढवून. १८ एप्रिल २०१४ ला आइसफॉलवर हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार गेले, तेव्हा सरकारने कुटुंबांना तातडीचे म्हणून ४०,००० नेपाळी रुपये जाहीर केले होते. ती सगळी माणसे कुणाच्या तरी तंबूचे, कुणाच्या तरी जेवणाचे ओझे घेऊन चालली होती. त्यानंतर शेर्पांनी वर जायला नकार दिला आणि दक्षिणेकडचा मोसम जवळजवळ बंद पडला. शेर्पांच्या नकाराला किंमत आली असा मोसम मला तरी तो एकच ठाऊक आहे, आणि त्यासाठी सोळा घरांत सुतक यावे लागले.

म्हणून माझी पहिली मागणी सरळ आहे. बोनसची अट बदला. परवान्याचा अर्ज करतानाच बोनसची पूर्ण रक्कम कंपनीने आपल्या विभागाकडे जमा करावी, आणि शेर्पा सदस्याला घेऊन साउथ कोलच्या वर निघाला की ती त्याची झाली, मग माथा होवो की बाल्कनीवरून माघार. कचऱ्यासाठी आपण वर्षानुवर्षे ४,००० डॉलर अनामत घेतलीत, तेव्हा अनामत घेऊन ती हिशेबाने परत देण्याची यंत्रणा आपल्याला नवी नाही. कचऱ्यासाठी जे जमले ते माणसासाठी जमायला हवे.

दुसरी मागणी ‘परत’ म्हणण्याच्या अधिकाराची. नियमात लिहा, की आठ हजार मीटरच्या वर सोबतच्या गाइडने किंवा शेर्पाने माघारीचा निर्णय दिला तर तो सदस्यावर बंधनकारक राहील, आणि त्याने तो वॉकीटॉकीवरून बेस कॅम्पला कळवून नोंदवायचा. आता आपले अधिकारी विचारतील, बंधनकारक म्हणजे काय? ८,४०० मीटरवर कुणाला दंडाला धरून खाली आणणार? पोलीस ठेवणार का? नाही. तिथे कुणालाच बळाने काही करता येत नाही. पण आपल्या हातात एक गोष्ट आहे आणि तिची किंमत कदाचित आपल्याला काठमांडूत बसून कळत नसेल. ती म्हणजे प्रमाणपत्र.

माझ्या प्रांतातली गोष्ट सांगते. महाराष्ट्रात एव्हरेस्टवीराची मिरवणूक निघते, चौकाचौकांत फ्लेक्स लागतात, सत्कार होतात, सरकारी बक्षिसे मिळतात, नोकरीत बढतीची आशा असते. या साऱ्याला आधार एकच कागद, आपल्या विभागाच्या सहीचा. २०१६ साली पुणे पोलिसांतल्या एका दांपत्याने दुसऱ्याच गिर्यारोहकाच्या फोटोत फेरफार करून आपण माथा गाठल्याचा दावा केला होता. आपल्या विभागाने आधी प्रमाणपत्र दिले, मग बोभाटा झाल्यावर रद्द केले आणि दोघांना दहा वर्षे बंदी घातली. आमच्याकडे त्या प्रकरणाची चेष्टा झाली, पण मला त्यातून एकच कळले: माणसे या कागदासाठी काय वाटेल ते करतात. खोटा फोटो करणारा निदान जिवानिशी घरी येतो. खरा फोटो काढण्यासाठी शेर्पाचे न ऐकणारा येतोच असे नाही.

तेव्हा नियमाला एवढेच जोडा: शेर्पाने माघारीचा निर्णय नोंदवल्यानंतर गाठलेल्या माथ्याला प्रमाणपत्र नाही. तो माथा आपल्या दप्तरी झालाच नाही. याला एक रुपया लागत नाही, एक जादा माणूस लागत नाही. वर ओरडणाऱ्या शेर्पाला पहिल्यांदाच असे काही म्हणता येईल, जे आजारी मेंदूलाही समजेल: साहेब, पुढे गेलात तर कागद मिळणार नाही. प्रायोजकाला, सरकारला, सोसायटीच्या सत्कार समितीला दाखवायला काही उरणार नाही. मला खात्री आहे, जिवाच्या भीतीने न वळणारे अनेक जण याने वळतील. हे लिहिताना लाज वाटते, पण आमची जात मला माहीत आहे.

आणि प्रमाणपत्रावर त्या शेर्पाचे नाव ठळक छापा. १९५३ साली तेन्झिंग नोर्गे मोहिमेचे सरदारही होते आणि चढाई चमूचे पूर्ण सदस्यही, दोन्ही भूमिका एका माणसाकडे होत्या. त्यानंतर मोहिमा धंद्याच्या झाल्या आणि सोबत चढणारा पुन्हा ‘सपोर्ट’ झाला.

काही आक्षेप मला आधीच ऐकू येतात. शेर्पा आळसाने सगळ्यांनाच माघारी लावतील, हा त्यातला सर्वांत हलका. स्वतःच्या नावावर किती माथे आहेत यावर त्यांचे पुढच्या वर्षीचे काम ठरते. उगाच वळायची कुणाला हौस नाही. यापेक्षा जड आक्षेप असा, की अधिकार दिला तरी ते वापरणार नाहीत. कंपनीचा मालक बहुधा गावचाच किंवा नात्यातला, त्याच्यापुढे तोंड कसे उघडायचे? शिवाय पाहुण्याला थेट ‘नाही’ म्हणायचे नाही, हा खुंबूतला संस्कार मी अनुभवला आहे. नामचेच्या लॉजवाल्या दीदी ‘खोली नाही’ हेसुद्धा आधी चहा देऊन सांगतात. हे खरे आहे, आणि म्हणूनच मी आधी पैशांची मागणी केली, मग अधिकाराची. बोनस माथ्याला बांधलेला राहिला तर अधिकार कागदावरच राहील. आणि तिसरा आक्षेप माझ्यासारख्यांचा: एखादा कच्चा शेर्पा घाबरून माझ्यासारखीला बाल्कनीवरून वळवील आणि मी खरे तर सहज पोचले असते. होईल असे. आयुष्यभराची बचत एका मिनिटात जाईल. मी तो धोका पत्करायला तयार आहे.

आपले संपर्क अधिकारी माघारीच्या निर्णयांची नोंद ठेवू शकतील का, याबद्दल मात्र मला शंका आहे. प्रत्येक चमूबरोबर नेमलेले हे अधिकारी बेस कॅम्पवर फिरकतच नाहीत, अशा बातम्या आपल्याच वर्तमानपत्रांत येत असतात. नोंद ठेवायचे काम त्यांच्याकडे दिलेत तर सगळे मुसळ केरात. त्यापेक्षा ते सगरमाथा प्रदूषण नियंत्रण समितीच्या बेस कॅम्पवरच्या तंबूकडे द्या, ती माणसे निदान तिथे असतात.

आमच्याकडच्या क्लबांच्या मोहिमांत माघार कोणी ठरवायची हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो. २०१२ साली पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची नागरी मोहीम एव्हरेस्टवर गेली आणि आठ जण माथ्यावर पोचले. लोकवर्गणीची मोहीम, वर्षानुवर्षे एकत्र सह्याद्रीत भटकलेली माणसे. नेता ‘वळ’ म्हणाला की वळायचे, कारण उद्या पुन्हा त्याच्याबरोबरच राजमाचीला जायचे असते. गाइडेड मोहिमेत मी, एक ब्राझिलचा दंतवैद्य आणि एक कोरियन निवृत्त अभियंता अशी माणसे काठमांडूच्या हॉटेलात पहिल्यांदा भेटतात. आमच्यात लिहून ठेवलेला नियमच काय तो असतो, दुसरे नाते नसते. म्हणून नियमासाठी आपल्याकडे यावे लागते.

मी माझ्या परीने सुरुवात केली आहे. कंपनीच्या व्यवस्थापकांना पत्र लिहून कळवले, की बोनस मी आधीच भरते, पण करारात ‘माथा गाठल्यास’ काढून ‘साउथ कोलच्या वर निघाल्यास’ असे लिहा, आणि शेर्पाचा माघारीचा निर्णय मला मान्य राहील असे एक कलम घाला. त्यांचा फोन आला. फार अदबीने बोलले. म्हणाले, पैसे आधी भरताय तर आनंदच आहे, पण कलम घालता येणार नाही. तुमच्यासाठी घातले तर सगळ्यांसाठी घालावे लागेल, आणि दुसऱ्या कंपन्या घालत नाहीत तर आमचे ग्राहक तिकडे जातील. त्यांचे चुकले असे मला म्हणता येत नाही. एकट्या दुकानदाराने वजन खरे ठेवायचे आणि बाजार खोटा, असे फार दिवस चालत नाही. सगळ्यांना एकदम लागू होणारा नियम फक्त आपण करू शकता.

करारावर सही करायची मुदत जानेवारीअखेर आहे. व्यवस्थापकांनी कलम नाकारले असले तरी मी ते हाताने लिहून, खाली सही करून, बोनसच्या रकमेसह पाठवणार आहे. ते खोडतील की ठेवतील ते बघू. आपले नियम त्याआधी बदलतील अशी माझी अपेक्षा नाही. पण वसंतातल्या परवान्यांचे अर्ज आपल्या टेबलावर येतील तेव्हा प्रत्येक अर्जामागचा कंपनीचा करार एकदा मागवून घ्यावा आणि त्यातली बोनसची ओळ कुठल्या अटीने सुरू होते एवढे वाचावे, ही विनंती.

कळावे,
आपली विश्वासू,
बँकेतून निवृत्त झालेली एक गिर्यारोहक, पुणे